हिरव्या पंखांचे तीन पतंग

गेल्या आठवड्यात, अमावस्येच्या आदल्या रात्री, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रानाला लागून असलेल्या मावशीच्या घरी पडवीत पांढरी चादर टांगून आणि तिच्यासमोर दिवा लावून बसलो होतो. नऊच्या सुमारास रुपयाच्या नाण्याहून जरासे मोठे तीन फिकट हिरवे पतंग चादरीवर येऊन टेकले. "अरे, ही तर एकाच आईची लेकरं!" मावशी म्हणाली. पाच वर्षांपूर्वी मीही तेच म्हटले असते, आणि त्या काळातले माझे शेकडो फोटो आज निरुपयोगी ठरले आहेत, कारण ते सगळे वरून, फक्त पंखांचे काढलेले आहेत.

रंगावर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो. जिओमेट्रिडी कुळातल्या हिरव्या पतंगांचा रंग तर ओलाव्याने उडतो आणि पिवळट पडतो. म्हणून मी आधी बसण्याची ढब पाहतो आणि मग भिंगातून तोंडाकडे वळतो. त्या तिघांतला एक पंख पसरून चादरीला जणू चिकटवल्यासारखा बसला होता, पंखांवरून पुसट पांढऱ्या नागमोडी रेषा गेल्या होत्या आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पिसासारख्या होत्या. सोंडेच्या बुडाशी एकही खवला नव्हता. हा जिओमेट्रिडी. उरलेल्या दोघांच्या शृंगिका दोऱ्यासारख्या बारीक आणि पाठीवर मागे टाकलेल्या होत्या, पंखांना चोळीच्या गोटासारखी तपकिरी किनार होती आणि सोंडेच्या बुडाशी खवल्यांचा दाट थर होता. पायरॅलिड आणि क्रॅम्बिड या जवळच्या दोन कुळांतल्या पतंगांची ही खूण सहसा दगा देत नाही. कुळ क्रॅम्बिडी, प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) पॅरोटिस, इथवर मी निःशंक होतो.

पुढे मात्र गाडे अडले. एकाचा गोट दुसऱ्यापेक्षा रुंद दिसत होता, पण कडेचे खवले झडले की तोही अरुंद होतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर लिहिलेले चार खंड आजही चाळले जातात. परंतु अशा जुळ्यांचा निवाडा पुष्कळदा पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होतो. त्यासाठी पतंग मारावा लागतो, अभयारण्यात तर वनखात्याची परवानगीही लागते, आणि खरे सांगायचे तर माझा हातही धजत नाही. वहीत मी 'पॅरोटिस, दोन' एवढेच लिहिले. फोटोवरून छातीठोकपणे जातीचे नाव लिहिणाऱ्यांचा मला हल्ली राग येतो. पूर्वी मी त्यांच्यातलाच होतो, म्हणून जरा जास्तच.

या प्रजातीतल्या काही अळ्या तगरीची पाने गुंडाळून आत राहतात. सकाळी मावशीच्या तगरीवर तसे एक पान सापडले. ते फांदीसकट बरणीत ठेवून वर मलमलीचे फडके बांधले आहे, आणि आत अजून कुरतडणे चालू आहे.