फ्लेमेबल, इनफ्लेमेबल आणि पेट्रोलचा टँकर

दारव्ह्याकडच्या आमच्या चुलतभावाला टँकरवर ड्रायव्हरची नोकरी लागतेय, त्याचा परवा व्हॉइस मेसेज आला, "दादा, टँकरच्या मागं हायली इनफ्लेमेबल लिहेल हाये, इनव्हिजिबल म्हंजे न दिसणारं, मंग हे न पेटणारं काऊन नाही?" प्रश्न बरोबर आहे राव, हाच प्रश्न इंग्रज लोकांनाही पडला होता.

तर फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हीचा अर्थ एकच, पटकन पेटणारं. इथला "इन" नकाराचा नाहीच, तो लॅटिनमधला "आत"वाला, इनफ्लामारे म्हणजे पेटवणे. डॉक्टर गुडघ्यात इन्फ्लमेशन आहे म्हणतात ना, सूज येऊन आग होते ते, त्यातही हाच "इन". खरं तर इनफ्लेमेबल हाच जुना शब्द, फ्लेमेबल नंतर आला.

मी इथे न्यू जर्सीत रंगाच्या गोडाऊनला आहे, थिनरच्या ड्रमवर सगळीकडे फ्लेमेबलच लिहिलेलं. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने लावून धरलं की लोक "इन" बघून हे पेटत नाही असं समजतील, तो काढा, आणि 1959 मध्ये ब्रिटिश स्टँडर्डवाल्यांनीही तेच सांगितलं. भाषेच्या शुद्धतेवाले कुरकुरतात पण मी फायरवाल्यांच्या बाजूने, ड्रम उचलणारा माणूस काही लॅटिन शिकून येत नाही. गंमत म्हणजे आमच्याकडचे स्पॅनिश बोलणारे कामगार अजिबात गोंधळत नाहीत, त्यांच्या भाषेत पेटणाऱ्या वस्तूला इनफ्लामाब्लेच म्हणतात! न पेटणाऱ्याला इंग्रजीत नॉनफ्लेमेबल. आपल्याकडे सरळ "ज्वलनशील" लिहिलं की विषय संपतो, पण ते बरेचदा बारीक अक्षरात नाहीतर चिखलाखाली असतं.

भावाला म्हटलं शब्द राहू दे, टँकरवरच्या पाटीवरचा नंबर बघ, 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल, हे नंबर जगभर तेच. पेट्रोल शून्याच्या खाली 40 अंशांच्या आसपाससुद्धा पेटेल एवढी वाफ सोडतं, मग आपल्या मे महिन्यातल्या 45 मध्ये काय होत असेल विचार कर, माचिस घरीच ठेवून जात जा.

लगेच मेसेज, "अन् घासलेटचा?"

1223.