म्युझिक बंद केलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडे बेळगावच्या शहापुरात हार्मोनियम शिकायला मुलं येतात. त्यांचे आईवडील फी देता देता हमखास विचारतात, "सर, गेम खेळू दे एकवेळ, पण ते म्युझिक कशाला? आवाज बंद करून खेळला तर काय बिघडतं?" मी स्वतः गेम खेळतो हे पोरांनी घरी सांगितलेलं असतं, त्यामुळे प्रश्नात थोडी तक्रारही असते.

बिघडतं. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितलीय ना? तिथला हलगीवाला बघा. खडाखडी चालू असते तोवर तो सावकाश वाजवतो. कुणी पट काढला की हलगी कडाडते, डाव सुटला की पुन्हा उतरते. निवेदन मराठीत होवो की कानडीत, त्याची नजर मल्लांच्या पायांवर. हलगी काढून घ्या, कुस्ती तीच राहील, पण बघणाऱ्यांचं बूड जागचं उठायचं नाही.

गेमचं चांगलं संगीत ही अशी साथ आहे. रेकॉर्ड केलेलं गाणं तुमच्यासाठी थांबत नाही, हे थांबतं. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये खर्जातले चार उतरते सूर होते, पुन्हा पुन्हा तेच. शत्रू मारत जावं तसे उरलेले भराभर सरकायचे, कारण पडद्यावर काढायचं कमी झालं की प्रोसेसरचं ओझं हलकं व्हायचं. कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं, आणि सुरांची लयही सोबत चढत गेली. चार सुरांना हसू नका, आपला मालश्री राग तीन सुरांतच भागवतो.

मग मारिओ. आमच्या लहानपणी खडे बाजारातून आणलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटवर ९९९९ गेम छापलेले असत. निघायचे पाचसहाच, पण त्यात १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' असायचाच. संगीत कोजी कोंडो यांचं. घड्याळात १०० उरले की तीच धून द्रुत लयीत सुरू आणि आमची बोटं घामेजलेली. मला खरी गंमत कळली ती पुढे. त्या यंत्रात सुरेल आवाजाला जेमतेम तीन वाटा होत्या, शिवाय तालासाठी खरखरीची एक आणि आधी रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांची एक. उडीचा किंवा नाण्याचा आवाज यातलीच एक वाट क्षणभर बळकावायचा, की धुनेचा एक पदर तेवढ्यापुरता गप्प. म्हणजे तुम्ही उड्या कधी मारता यावर तुमच्या कानावर पडणारी धून ठरायची. दोन पोरांनी एकच गेम खेळला तरी दोघांची मैफल वेगळी.

पुढं हे मुद्दाम होऊ लागलं. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये योशी या डायनोसॉरच्या पाठीवर बसलं की चालू धुनेत बोंगो मिसळतात, उतरलं की बंद. आता तर बऱ्याच गेममध्ये संगीत थराथरांनी रचतात आणि प्रसंगाप्रमाणे थर चढवतात-उतरवतात.

गप्प बसणं हीही साथच. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये लांबच लांब माळ, वारा, आणि मधेच पियानोचे दोनचार सूर. कित्येकांना ते रिकामं वाटतं. मला नाही वाटत. तंबोऱ्यावर बसलेल्याला रिकामेपणाची भीती नसते. मग एखाद्या गार्डियनची, म्हणजे शत्रूयंत्राची, नजर पडते, आणि तोच पियानो सैरावैरा पळत सुटतो. आवाज बंद असेल तर तुम्हाला फक्त एक यंत्र दिसेल.

सगळ्या गेमना हे लागू नाही, हेही सांगतो. ऑनलाइन गोळीबाराच्या खेळात पावलांची चाहूल घ्यायची असते, तिथं म्युझिक बंद ठेवणारा पोरगा शहाणा. आणि मोबाईलवरचे ते जाहिरातीवाले गेम, आठ मात्रांचं तेच तेच दळण, ते खुशाल बंद करा.

बाकीच्यांत सेटिंग उघडून बघा. बहुधा म्युझिक आणि इफेक्ट्स वेगवेगळे कमीजास्त करता येतात. घरात कटकट होते ती ढिशुम-ढिशुमची. ते उतरवा, म्युझिक राहू द्या. आणि रात्री जेवणानंतर इअरफोन, आवाज बेताचा.