बेटाबेटांचा एकदिवसीय करंडक

२१ जून १९७५. लॉर्ड्सवर क्लाइव्ह लॉईडचं शतक, ऑस्ट्रेलियावर १७ धावांनी विजय आणि पहिला विश्वचषक वेस्ट इंडीजचा. आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्या घराघरांत हे पाठ असतं. त्रिनिदादला राहायला आल्यावर मात्र मला त्यातली एक वेगळीच गोष्ट कळली. त्या दिवशी कॅरिबियनमध्ये नेमाने चालणारी एकही एकदिवसीय स्पर्धा नव्हती!

१९७२-७३ मध्ये बँक्स करंडक नावाने एक झाली होती. बार्बाडोसने ती जिंकली आणि पुढचे दोन हंगाम सगळं थंड. मग ते जगज्जेते तयार झाले कुठे? इंग्लंडमध्ये. लॉईड लँकेशायरकडून, कालिचरण आणि कन्हाय वॉरिकशायरकडून, ग्रीनिज आणि रॉबर्ट्स हँपशायरकडून खेळत होते. षटकं मोजून खेळायचं कसं, हे त्यांना तिथल्या काउंटी क्रिकेटने शिकवलं. घरच्या मैदानावर ही शाळा सुरू झाली ती विश्वचषक जिंकल्यानंतर, १९७५-७६ मध्ये, जिलेट कप या नावाने. आपली देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ पासूनची आहे, म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्या पुढे होतो.

या उशिराचं कारण नकाशात दिसतं. जमैका ते गयाना हे अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि मध्ये सगळा समुद्र. प्रत्येक संघ म्हणजे वेगळा देश किंवा छोट्या बेटांचा गट, त्यामुळे पासपोर्ट वेगळे, चलनं वेगळी. रणजीचा संघ रात्रीच्या रेल्वेने निघून सकाळी पोहोचायचा तशी सोय इथे कधीच नव्हती. विमानाचा खर्च कुणीतरी उचलला तरच सामना व्हायचा. म्हणून स्पर्धेला ज्याचा पैसा त्याचं नाव. जिलेटनंतर जहाज कंपनी हॅरिसन लाइन आणि व्यापारी कंपनी गेडिस ग्रँट, मग शेल आणि सँडल्स हॉटेलं, मग जमैकाची रेड स्ट्राइप बिअर, मग केएफसी, पुढे विमा कंपन्या. आज तिला सगळे ‘सुपर फिफ्टी’ म्हणतात. देवधर, हजारे अशी नावं आपल्या करंडकांना कायमची मिळाली, तसं भाग्य या स्पर्धेला लाभलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. वॉरेल, वीक्स, सोबर्स, नावांची काय कमी होती?

पण या स्पर्धेने एक मोठं काम केलं. चार दिवसांच्या शेल शील्डमध्ये (म्हणजे इथल्या रणजीत) लीवर्ड आणि विंडवर्ड या बेटांच्या दोन गटांना मिळून एकच संघ मिळायचा, ‘कंबाइंड आयलंड्स’. एकदिवसीय स्पर्धेत मात्र दोघांचे संघ आधीपासूनच वेगळे होते. १९७७-७८ मध्ये लीवर्डने जमैकाबरोबर विजेतेपद वाटून घेतलं. अँटिग्वा, नेव्हिस, सेंट किट्स या चिमुकल्या बेटांची पोरं स्वतःच्या नावाने जिंकत होती. लाल चेंडूच्या स्पर्धेत ही फाळणी व्हायला १९८१-८२ उजाडावं लागलं.

विक्रमही इथे एकेक आहेत. गयानामधल्या ब्लेअरमाँट या साखरेच्या मळ्याच्या गावी ऑक्टोबर २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा १९ वर्षांखालील संघ बार्बाडोसविरुद्ध १८ धावांत गारद झाला. लिस्ट ए, म्हणजे वरच्या दर्जाच्या मर्यादित षटकांच्या सामन्यांतला तो नीचांक. पेड्रो कॉलिन्सने ११ धावांत ७ बळी घेतले. ती पोरं शिकायला म्हणून खेळवली होती आणि त्या वयाच्या संघाला मुद्दाम मोठ्यांच्या स्पर्धेत उतरवणं मला आजही योग्यच वाटतं. कारण २०१८ मध्ये विद्यापीठाचा ‘कंबाइंड कॅम्पसेस’ संघ अंतिम सामन्यात गयानाला हरवून चक्क विजेता झाला आणि पुढच्याच वर्षी उदयोन्मुख खेळाडूंचा संघ.

२०२३ ची स्पर्धा पूर्ण त्रिनिदादमध्ये झाली. सेंट ऑगस्टिनला विद्यापीठाचं सर फ्रँक वॉरेल मैदान आहे, मागे नॉर्दर्न रेंजचे हिरवे डोंगर. मी सामना बघायला गेले तेव्हा प्रेक्षक मोजकेच होते. गेटजवळ डबल्सची गाडी होती. दोन मऊ ‘बारां’मध्ये (तळलेल्या पुऱ्याच म्हणा) पातळ चण्याची भाजी, वर काकडी आणि चिंचेचं पाणी, कागदात गुंडाळून हातात. विकणारीने ‘पेपर (म्हणजे तिखट) किती?’ विचारलं, मी भरपूर म्हटलं आणि तिने तिखट सॉस सढळ हाताने घातला. शेजारी बसलेले अंकल (इथेही वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात) वहीत प्रत्येक चेंडू टिपत होते. माझ्या मोबाइलवर त्याच वेळी भारतातल्या विश्वचषकाचे आकडे सरकत होते. त्या विश्वचषकात वेस्ट इंडीज नव्हतं. जुलैमध्ये हरारेला स्कॉटलंडकडून हरल्यावर पहिल्यांदाच त्यांचं दार बंद झालं होतं.

“बेटा, मला तो स्कोअर सांगू नकोस,” अंकल वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. “पुढचा संघ इथूनच निघायचाय. मी इथलं बघतो.”

ती स्पर्धा त्रिनिदादनेच जिंकली. कर्णधार डॅरेन ब्राव्हो आणि स्पर्धेतल्या सर्वाधिक धावाही त्याच्याच. डिसेंबरमधल्या इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेसाठी वेस्ट इंडीजचा संघ निवडला तेव्हा त्यात ब्राव्हो नव्हता. निवड समितीला तरुणांचा संघ बांधायचा असेल, ते मी समजू शकते. पण घरच्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त धावा करणाऱ्याला जागा नसेल तर अंकलांसारख्यांनी त्या वहीचं करायचं काय? त्या आठवड्यात ऑफिसात, मॅक्सी टॅक्सीत (इथली मिनीबस), भाजीवाल्याकडे हाच विषय होता.

आपल्या वाचकांसाठी एक धागा सांगायलाच हवा. मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर २०१८ मध्ये अमेरिकेच्या संघातून याच स्पर्धेत खेळला. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकणारा तोच. अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमधले केंट आणि हँपशायर, अशा पाहुण्यांना इथे खेळायला बोलावलं गेलं, त्याचा फायदा पाहुण्यांनाही झाला.

माझं मागणं साधं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे इथला पावसाळा. निम्मे दिवस डोळे कव्हर्सवर आणि निकाल डकवर्थ-लुईसच्या गणितावर. ही स्पर्धा जानेवारीनंतरच्या कोरड्या दिवसांत घ्या आणि प्रत्येक संघाला दुसऱ्याशी किमान दोनदा खेळू द्या. चार आठवड्यांत उरकलेल्या एका फेरीत विशीतला फलंदाज नुकता कुठे हात बसवतोय, तोवर त्याचा हंगाम संपलेला असतो.