तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे खून बघून झोप कशी लागते?

शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, मागच्या दिवाळीत नणंदेनं तर सगळ्यांसमोर विचारलं, की वहिनी तू रोज रात्री ते खुनांचं काय काय बघतेस, मग झोप कशी लागते गं तुला? आणि मी दरवेळी हसून सोडून देते, कारण हातात भाकरीचं पीठ असताना हे कुणाला समजावणार. पण आता इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच नीट लिहून टाकते.

तर लागते झोप. चांगली लागते. फक्त एक एपिसोड सोडून, आणि लिहायचंय ते त्याच एपिसोडबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी बघते ते क्रिमिनल माइंड्स. अमेरिकेतली सिरीयल, 2005 ला सुरू झाली, 2020 पर्यंत पंधरा सीझन आणि 324 एपिसोड झाले, आणि मग राहवलं नाही म्हणून 2022 ला परत सुरू केली. आपल्याकडे सीआयडीत दयाला दार तोडायला सांगायचे तसं इथेही दारं तुटतात, पण मुख्य काम डोक्याचं. एफबीआयची एक टीम असते, व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला बसणारी, जो खुनी अजून सापडलेला नाही त्याला ते 'अनसब' म्हणतात आणि त्याने जे केलंय त्याच्यावरून तो माणूस कसा असेल याचा अंदाज बांधतात, वय काय, नोकरी काय, आईशी पटतं का, आता पुढे काय करेल. हे प्रोफायलिंग. सुरुवातीला आणि शेवटी कुणातरी थोर माणसाचं वचन ऐकवतात, ते मी पळवते.

आणि हो, खरे प्रोफायलर असे खासगी विमानातून उडत नाहीत आणि बंदूक घेऊन दारावर लाथाही मारत बसत नाहीत. एफबीआयने हे वर्तनशास्त्राचं युनिट 1972 मध्ये काढलं, त्यातले काही एजंट तुरुंगात जाऊन खुन्यांशी तासन् तास बोलत बसायचे आणि त्यातून हे शास्त्र उभं राहिलं, शास्त्र म्हणावं का यावर अजून भांडणं चालू आहेत ते सोडा. खऱ्या युनिटचं काम बरचसं स्थानिक पोलिसांना सल्ला द्यायचं, फायली वाचायचं. त्याची सिरीयल कोण बघेल, आमच्या ऑफिसवर काढल्यासारखी होईल.

आता तो एपिसोड. नावच '100', कारण शंभरावा. पाचव्या सीझनमधला नववा, नोव्हेंबर 2009 चा. टीमचा मुख्य ॲरन हॉचनर, सगळे त्याला हॉच म्हणतात. कायम सूट, टाय, कपाळाला आठी. हा माणूस हसलेला दाखवला की आम्ही बघणारे एकमेकांना सांगतो. बायकोचं नाव हेली, शाळेत असल्यापासूनची ओळख, पण हा सदा ड्युटीवर, शेवटी कंटाळून तिनं घटस्फोट घेतला. मुलगा जॅक, चार-पाच वर्षांचा.

आणि खुनी जॉर्ज फोयेट, बॉस्टनचा 'रीपर'. हा चौथ्या सीझनमध्ये येतो आणि असा येतो की आधी आपल्याला तो बिचारा वाटतो, हल्ल्यातून वाचलेला माणूस म्हणून, आणि नंतर कळतं की ते वार त्यानं स्वतःच स्वतःवर करून घेतलेत. एका जुन्या पोलिसाशी त्यानं सौदा केलेला असतो, तुम्ही मला शोधायचं थांबवा, मी मारायचं थांबवतो. तोच सौदा तो हॉचला देतो, हॉच नाही म्हणतो. मग फोयेट पकडला जातो, तुरुंगातून पळतो, हॉचला त्याच्याच घरात गाठून नऊ वेळा भोसकतो पण जिवे मारत नाही, कारण त्याला मारायचं नसतं, त्याला हॉचनं बघत बसायला हवं असतं. हेलीला आणि जॅकला नाव-गाव बदलून लपवून ठेवतात, हॉचलासुद्धा पत्ता माहीत नाही.

'100' सुरू होतो तो चौकशीनं. वरची साहेबीण स्ट्राउस एकेकाला बसवून विचारतेय की त्या दिवशी काय काय झालं, म्हणजे काहीतरी भयंकर होऊन गेलंय हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. आणि मला या एपिसोडचं जे लागलं ना ते हे, की यात टीमचं काहीच चुकत नाही. अंदाज बरोबर. त्याला कुठली औषधं लागत असणार ते बरोबर ओळखतात, औषधांवरून नाव काढतात, पीटर रिया, त्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटीपालटी केली की होतं 'द रीपर', घर सापडतं, सगळं जमतं. शंभर एपिसोड आपण ज्या हुशारीवर टाळ्या वाजवल्या ती सगळी इथे आहे. पण ते घरात पोचतात तेव्हा हा दुसऱ्याच घरात असतो. हेलीला सांभाळणाऱ्या मार्शलला, म्हणजे तिच्या संरक्षणाला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, त्यानं हालहाल करून गाठलंय आणि मग आपणच मार्शल असल्याचं भासवून हेलीला फोन करून सांगितलंय की हॉच मेला, तुम्ही या. आणि ती येते, त्यांच्याच जुन्या घरी.

मग तो फोन. हॉच गाडी चालवतोय, फोन चालू आहे, सगळी टीम ऐकतेय. हेलीला आत्ता कळतं की नवरा जिवंत आहे आणि समोर जो उभा आहे तो मार्शल नाहीये. हॉच तिला सांगतो की घाबरलेली दिसू नकोस. आणि मग पोराशी बोलायला मागतो आणि म्हणतो, जॅक, मला या केसवर तुझी मदत पाहिजे, माझ्याबरोबर काम करशील ना. एवढंच. पोरगं हो बाबा म्हणतं, आईला मिठी मारतं आणि तिथून जातं. फोयेटला वाटतं काय गोड पोरगं, छोटा एजंट. त्याला कळतच नाही. माणसांची मनं वाचणाऱ्या माणसानं खुन्याच्या समोर खुन्याच्या नाकावर टिच्चून एक वाक्य टाकलेलं असतं आणि ते फक्त एका पोराला समजलेलं असतं.

हेलीला कळलेलं असतं की आपण वाचत नाही. ती रडून गोंधळ घालत नाही. ती नवऱ्याला सांगते की जॅकला सांग आपण कसे भेटलो, तू मला कसा हसवायचास, त्याला कळू दे की तू कायम असा गंभीर नव्हतास. मग गोळ्यांचे आवाज. आपल्याला दिसत काही नाही, आपल्याला गाडी चालवणाऱ्या त्या माणसाचं तोंड दिसतं फक्त.

पुढची मारामारी सगळे आठवणीनं सांगतात, हॉच नुसत्या हातांनी त्याला मारतो, तो शरण आलो म्हणतो तरी हा थांबत नाही, शेवटी टीममधला मॉर्गन त्याला ओढून काढतो. मला त्याचं फार काही नाही. माझं पुढचं. हॉच उठतो, रक्तानं माखलेला, आणि त्याच्या कामाच्या खोलीत जातो आणि पेटाऱ्याचं झाकण उघडतो, आणि आत जॅक. अंगाचं मुटकुळं करून बसलेला. बाबा घरी केसवर काम करत असले की हा त्याच पेटाऱ्यात जाऊन बसायचा. आणि पोरगं वर बघून म्हणतं, बाबा, तू सांगितलंस तसं मी केसवर काम केलं.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचा लेक पाच वर्षांचा होता. भाच्यानं पेनड्राइव्हवर सीझन भरून दिले होते आणि मी रात्री दहानंतर कानात हेडफोन घालून कपड्यांच्या घड्या घालत घालत बघायचे. त्या सीनला माझ्या हातात त्याचा युनिफॉर्मचा शर्ट होता, एक बाही आत घातलेली आणि दुसरी बाहेर, आणि तो तसाच राहिला. कारण आमच्याकडे दिवाण होता, खाली गाद्या ठेवायचा कप्पा असलेला, आणि आमचं कार्टं लपाछपी खेळताना नेमकं त्याच्यातच शिरायचं, कितीदा ओरडले होते मी त्याला. उठले, जाऊन त्याच्या उशाशी बसले. त्या रात्री नाही लागली झोप. हे मान्य.

पण नणंदबाईंचा प्रश्न असा असतो ना, की हे बघून तुझ्या डोक्यात भीती भरत नाही का. अगं ती आधीच भरलेली होती. बदलापूरला घर, दादरला ऑफिस, पोरगं सकाळी सातला शाळेत सोडायचं आणि मग दिवसभर मधे किती स्टेशनं आहेत ते मोजायचं. सिरीयलनं ती भीती आणून ठेवली नाही. उलट बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांत ती संपते तरी, लाइट बंद करता येतो. आणि त्या एपिसोडमध्ये पोराला विमानानं नाही वाचवलं, पिस्तुलानं नाही, आधी कधीतरी खेळता खेळता ठरलेल्या एका वाक्यानं वाचवलं. हे मी उचललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकाला बसवून पासवर्ड ठरवला. शाळेत न्यायला आई-बाबा सोडून कुणीही आलं, अगदी ओळखीचं आलं तरी, पासवर्ड विचारायचा. पासवर्ड त्यानंच निवडला, पडवळ. कारण पडवळ त्याला बघवायचं नाही आणि त्याच्या मते ते कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं, गाडी सायनच्या अलीकडे उभी. मी काकूंना फोन केला, हो त्याच काकू ज्या झोपेचं विचारतात, की प्लीज त्याला आणा. आणि घाईत पासवर्ड सांगायचा राहिला. मग फोनला रेंज नाही. काकू छत्री घेऊन गेटवर, आणि हा वॉचमनच्या खुर्चीला धरून उभा, पासवर्ड सांगा. अरे मी काकू ना तुझी, रोज माझ्याकडे लाडू खातोस. पासवर्ड. काकूंनी म्हणे गणपती, चॉकलेट, त्याचं पाळण्यातलं नाव, सगळं म्हणून बघितलं. वॉचमन हसतोय, काकू भिजतायत. तासाभरानं फोन लागला तेव्हा मी गर्दीत ओरडतेय, काकू त्याला पडवळ म्हणा, आणि त्या तिकडून, काय म्हणू? आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं मी परत, पडवळ! पडवळ म्हणा!

काकू आठवडाभर बोलत नव्हत्या. रास्त होतं.

आता लेक एकोणीसचा आहे, नागपूरला हॉस्टेलवर. गेल्या महिन्यात रात्री अकराला एका अनोळखी नंबरवरून फोन, मी '100' च बघत होते परत, कितव्यांदा ते विचारू नका. आई मी बोलतोय, फोन पाण्यात पडला, हा मित्राचा नंबर आहे, जरा पैसे टाक ना. आवाज त्याचाच वाटत होता, पण आजकाल आवाजाचा काय भरवसा. मी म्हटलं, पासवर्ड.

तिकडे जरा शांतता. मागे पोरं हसल्याचा आवाज. मग एकदम दबक्या आवाजात, "आई, पडवळ. दोन हजार टाक."