बझरची पत्री आणि आत्याचा तंबोरा

दोन आठवडे मी त्या बिचाऱ्या पत्रीलाच शिव्या घालत होतो.

आत्याचा मिरजेचा तंबोरा आमच्या पंचवटीतल्या घरी गवसणीत पडून होता. त्याचा नाद सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरमध्ये, घालायचं वेड डोक्यात शिरलं. माईक लावला तर हॉर्न आणि कुकरच्या शिट्ट्याही आत येतात. पिएझोला, म्हणजे थरथरीची वीज करणाऱ्या चकतीला, हवेतला आवाज फारसा ऐकू येत नाही, लाकडाची थरथर तेवढी कळते. मेन रोडच्या दुकानात 'पिएझो' म्हटल्यावर काका गोंधळले. 'बझरची पत्री' म्हटल्यावर डबाच पुढे केला. २७ मिलिमीटरच्या पाच घेतल्या. दोन सोल्डर करतानाच गेल्या, कारण गन जरा जास्त टेकली की चांदीचा थर सुटून येतो.

"फेविक्विक लावलंस तर बघ," आत्या म्हणाली. मग पत्री मेणाने घोडीशेजारी (तारा टेकतात ती पट्टी) तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, चिकटवली.

मिक्सरला जोडलं आणि आवाज आला डबड्यातल्या डासासारखा. जागा बदलल्या, पत्री बदलली, तोच डास.

शेवटी मीटरवर पत्रीची कपॅसिटन्स (वीजभार साठवायची क्षमता) मोजली: २० नॅनोफॅरड. मिक्सरचा लाइन इनपुट १० किलोओम रोधाचा. गणित केलं तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळत जाणार. तंबोरा काळी चारला लावलेला, म्हणजे जोड (मधल्या दोन तारा) २०८ हर्ट्झला आणि खर्ज (सगळ्यात खालच्या सुराची तार) १०४ला. मूळ स्वरच गायब! तोच इनपुट १ मेगाओमचा असेल तर ती सीमा ८ हर्ट्झवर येते. टीएल०७२ या चिपचा छोटा बफर, म्हणजे पत्री आणि मिक्सर यांच्या मधलं मोठ्या रोधाच्या इनपुटचं सर्किट, ९ व्होल्टच्या बॅटरीवर बांधला आणि खर्ज असा घुमला की मी हेडफोन काढून खोलीत पाहिलं.

मागोमाग ५० हर्ट्झची घरघर आली. शिल्डेड वायर घातली, बफर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून डबा ग्राउंडला जोडला, तेव्हा ती बसली.

सिंथ म्हणजे मित्राचा कॉर्ग एमएस-२० मिनी. बाहेरच्या आवाजाची पट्टी ओळखून ऑसिलेटर (सिंथचा स्वर काढणारा भाग) चालवायची सोय त्यात आहे, पण ती एकावेळी एकाच स्वरासाठी. चार तारा एकमेकींत मिसळल्या की तो वेड्यासारखा भटकतो. नाद मुळी थांबतच नाही, त्यामुळे छेड वेगळी ओळखता येत नाही. तो नाद सोडला. नुसत्या फिल्टरमधून तंबोरा सोडला आणि कटऑफ (ज्याच्या वरचे स्वर फिल्टर अडवतो ती सीमा) हळूहळू उघडला, तर जवारीतले, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारातले, वरचे स्वर एकेक करून बाहेर आले. एवढ्यासाठीही सगळा खटाटोप मान्य आहे.

हेडफोन आत्याला दिला. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली.

"पंचम उतरलाय," ती म्हणाली. "आधी तो लाव."