दोरानं कापलेलं बीड: रीजंट्स कालव्याच्या काठी काय शोधावं

लंडनच्या रीजंट्स कालव्यावर जुने अवशेष बघायला गेलेली माणसं सहसा मान वर करून चालतात. गोदामं, कमानी, पूल बघतात. पण खरा ऐवज गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर आहे. कालवा १८२० साली पूर्ण झाला, आणि पुढे शतकाहून अधिक काळ त्यावरच्या मालाच्या नावा घोड्यांनी ओढल्या. काठचा टोपाथ म्हणजे त्या घोड्यांचीच वाट. घोड्यानं, दोरानं आणि पाण्यानं कुठे काय झिजवलं, तेवढं बघत चालायचं.

सुरुवात रीजंट्स पार्कमधल्या मॅकल्सफील्ड पुलापासून करा. त्याचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब कोलब्रुकडेलच्या भट्टीतले आहेत आणि ते नाव खांबांवर ओतलेलं आहे. खांबांच्या कडांवर बोट बसेल अशा खाचा दिसतात. ओल्या दोराला काठची वाळू चिकटते आणि असा दोर कानशीसारखा काम करतो. पुलाखाली तो कोपऱ्यावर घासला जायचा, रोज, त्याच जागी. २ ऑक्टोबर १८७४ रोजी पहाटे बंदुकीची दारू नेणाऱ्या ‘टिलबरी’ नावेचा इथे स्फोट झाला आणि पूल उडाला. खांब शाबूत राहिले. नवा पूल बांधताना तेच वापरले, फक्त फिरवून बसवले. म्हणून खाचा दोन्ही अंगांना आहेत: एका बाजूच्या स्फोटाआधीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. एकाच खांबावर कालव्याचे दोन काळ इतक्या स्पष्टपणे उमटलेली दुसरी जागा शोधून सापडायची नाही.

पुलाखाली भर दुपारीही अंधार असतो. बॅटरी समोरून मारली तर खाच सपाट दिसते. ती खांबाला टेकवून आडवी धरा, म्हणजे सावली पडते. दोराची खाच तळाशी गोल आणि गुळगुळीत असते, कोपऱ्यावर सगळ्यात खोल आणि दोन्हीकडे विरत जाणारी. खोली सगळीकडे सारखी आणि कडा धारदार असतील, तर ते छिन्नीचं किंवा यंत्राचं काम. पुलाजवळ कालवा अरुंद होतो तिथे दोन्ही भिंतींत समोरासमोर उभ्या चौकोनी खोबणी दिसल्या, तर त्या बर्गे घालायच्या. काठ फुटला किंवा दुरुस्ती निघाली की फळ्या एकावर एक सरकवून तेवढा भाग कोरडा करता येतो.

कॅम्डनकडे जाताना काठाच्या भिंतीत मध्येच पाण्यात उतरणारा छोटा उतार लागतो. त्याला नावेचा धक्का समजण्याची चूक हमखास होते. तो घोड्यांसाठी आहे. शेजारून धडधडत जाणाऱ्या आगगाडीला बुजून घोडा पाण्यात पडायचा. सरळ भिंतीवरून तो वर येऊ शकत नाही, म्हणून त्याला उतारापर्यंत चालवत आणायचे.

टोपाथ सपाट असतो. त्याला अचानक उंचवटा आला की थांबा: खालून बहुतेक वेळा कालव्याचा एखादा फाटा आत शिरत असतो किंवा बुजवलेला असतो. कॅम्डनला अशाच उंचवट्याखाली इंटरचेंज गोदामाचं काळं तोंड आहे. नावा थेट इमारतीच्या पोटात जात आणि माल वरच्या रेल्वेकडे चढवला जाई. इमारतीखालच्या त्या कुंडाला लोक ‘डेड डॉग बेसिन’ म्हणतात. थांबताना सायकलवाल्यांकडे लक्ष ठेवा. अरुंद जागी ते एकदम अंगावर येतात.

बऱ्याच पट्ट्यांत टोपाथची मूळ फरसबंदी शोधण्यात अर्थ नाही. सेंट जॉन्स वुडपासून सिटी रोडकडे १९७९ साली टोपाथखालून ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या टाकल्या आणि वर काँक्रीटच्या लाद्या बसवल्या. वाहिन्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. म्हणजे या लाद्याही आता कालव्याच्या उद्योगाचाच भाग, तेव्हा त्यांच्यावर चिडू नका.

किंग्ज क्रॉसला कालव्याचं संग्रहालय कार्लो गाटी या बर्फाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात आहे. नॉर्वेहून आलेला बर्फ नावांमधून इथवर यायचा आणि जमिनीखालच्या विहिरींत साठायचा. त्यातली एक विहीर वरून बघता येते.

पुढे ८७८ मीटरचा इस्लिंग्टन बोगदा. आत टोपाथ नाही. घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचा आणि माणसांनी उताणं पडून भिंतीला पायांनी रेटा देत नाव ढकलायची, असं चाले. १८२६ मध्ये साखळी ओढत जाणारी वाफेची नाव आली. दोराच्या खाचा बोगद्याच्या तोंडाशी थांबतात. रस्त्याने टेकडी ओलांडा आणि पूर्वेच्या तोंडापुढच्या पहिल्या पुलापासून पुन्हा कोपरे बघायला लागा.