दोन मेलेल्या जिप्सींतून एक वावराची गाडी

जुलैत काळ्या मातीची पांदण एकदा भिजली की ट्रॅक्टर सोडला तर काही चालत नाही, आणि ट्रॅक्टर घेऊन रोज वावरात चकरा मारणं परवडत नाही. म्हणून आपल्याकडे जुनी फोर बाय फोर शोधणारे पुष्कळ. ते बहुतेक एक चूक करतात: जिवंत दिसणारी एक गाडी घेतात आणि तिच्यावर वर्षभर पैसे ओततात. त्यापेक्षा एकाच घराण्यातल्या दोन थकलेल्या गाड्या घेऊन त्यांची एक करणं स्वस्त पडतं. घराणं एकच हवं. एकाची चेसिस, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचं हाऊसिंग (चाकांचा आस आणि त्यातले गिअर) अशी खिचडी केली की अर्धे पैसे लेथवाल्याकडे जातात आणि गाडी आरटीओच्या दारातही उभी राहत नाही.

इथे धरलेली जोडी म्हणजे मारुतीची एक जिप्सी किंग, म्हणजे १२९८ सीसीची एमजी ४१३ डब्ल्यू, आणि एक जुनी ९७० सीसीची एमजी ४१०. पहिली जिप्सी १९८५ मध्ये आली आणि किंग १९९६ मध्ये. महिंद्राच्या जुन्या जीपपेक्षा जिप्सी का, याचं उत्तर वजनात आहे. ती टनाच्या आसपास आहे, डिझेल जीप तिच्यापेक्षा बरीच जड. काळ्या मातीत ताकद कमी पडून गाडी फसते असं क्वचितच होतं, ती वजनाने बसते. गडचिरोलीच्या जंगलात किंवा मेळघाटातल्या दगडी घाटात हिशोब वेगळा असेल, तिथे डिझेल जीपवाल्यांशी वाद घालायचा नाही.

कोणाचं काय घ्यायचं? चेसिस, दोन्ही हाऊसिंग, पाच गिअरचा बॉक्स, समोरचे डिस्क ब्रेक आणि इंजिन किंगचं. ४१० मधून घ्यायचं मुख्य म्हणजे ट्रान्सफर केस, गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. बाकी काच, दरवाजे, सीट, स्टिअरिंगचे सांधे जे चांगले निघतील ते. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि केस तीन रबरी माउंटवर वेगळा टांगलेला असतो. त्यामुळे तो बदलायला बेल हाऊसिंग (क्लचवरचं आवरण), क्लच, काहीही उघडावं लागत नाही.

फायदा आकड्यांत पाहा. किंगच्या ट्रान्सफरचं हाय (रस्त्याचा गिअर) १.४०९ आणि लो (चिखलाचा हळू गिअर) २.२६८, म्हणजे आउटपुटच्या एका फेऱ्यामागे इनपुटचे इतके फेरे. ४१० चं हाय १.५८० आणि लो २.५११. पहिला गिअर ३.६५२ आणि क्राऊन-पिनियन (हाऊसिंगमधली गिअरची जोडी) ३.९०९ धरलं तर इंजिनच्या ८०० फेऱ्यांवर फोर-लोमध्ये मूळ गाडी ताशी ३.१ किलोमीटर सरकते, बदललेली २.८. फरक लहान वाटतो. पण पुढे टायर २०५/७० आर १५ चे २१५/७५ आर १५ केले की घेर पाच टक्क्यांनी वाढतो आणि गाडी तेवढीच सुस्त होते. ट्रान्सफर ते नुकसान भरून काढून वर पाच टक्के देतो. किंमत डांबरावर मोजावी लागते: मूळ टायरवर, पाचव्या गिअरमध्ये, ताशी ८० ला सुमारे २,८०० फेऱ्यांच्या जागी ३,१०० होतात. नागपूरला रोज जाणाऱ्याने हा उद्योग करू नये.

भंगारवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण इतक्या वर्षांत कोणत्या गाडीत काय बसलंय हे कोणालाच माहीत नसतं. ट्रान्सफर टेबलावर ठेवा, हायमध्ये टाका, आउटपुट फ्लँजवर (शाफ्ट जोडायची तबकडी) खडूची खूण करून दहा फेरे फिरवा. इनपुट साधारण १४ फेरे फिरला तर किंगचा, १६ च्या जवळ फिरला तर ४१० चा. हाऊसिंग मोजायचं तर गिअर न्यूट्रलमध्ये, एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर घट्ट. उचललेलं चाक २० फेरे फिरवा आणि जॉइंट शाफ्टचे (ट्रान्सफरपासून हाऊसिंगपर्यंतचा) फेरे मोजा. ३९ आले तर ३.९०९, ४१ आले तर ४.१११, ३७ आले तर ३.७२७. (एकच चाक फिरतं तेव्हा क्राऊन निम्म्याने फिरतो, म्हणून दहा नाही, वीस.)

पुढचं आणि मागचं हाऊसिंग वेगळ्या आकड्याचं निघालं तर ते काम तिथेच थांबवा. पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल जिप्सीत नाही. फोर बाय फोर लावला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. आकडा जुळला नाही तर चिखलात चाक घसरून निभावतं, पण रपट्याच्या कोरड्या काँक्रीटवर ट्रान्सफर अडकतो, लिव्हर निघत नाही आणि मग शाफ्टच्या सांध्याचा क्रॉस किंवा गिअरचा दात तुटतो. एकाच गाडीची दोन्ही हाऊसिंग घ्या म्हणतात ते याचसाठी. १९९३ नंतरच्या रुंद ट्रॅकच्या गाडीचं एक आणि आधीच्या अरुंदचं एक अशी जोडीही लावू नका, चिखलात मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतून जायला हवं.

४१० चा केस किंगमध्ये बसवताना अडकतं ते फ्लँजवर. दोन्हीकडे बोल्टचा घेर आणि बोल्टची जाडी सारखी असेलच असं नाही. आधी किंगच्या केसचे फ्लँज काढून ४१० च्या शाफ्टवर बसतात का, स्प्लाइन (शाफ्टवरचे दात) मोजून पाहा. बसले तर प्रश्नच मिटला. नाही बसले तर लेथवर दुसऱ्या घेराची भोकं पाडून घ्या, पण इंडेक्स प्लेटवर (सारखे कोन पाडणारी तबकडी). ड्रिलने अंदाजे पाडलेली भोकं ताशी ४० च्या पुढे गाडी हलवतात. आखूड शाफ्ट किंगचाच ठेवा, चार आणि पाच गिअरच्या बॉक्सची लांबी एक नाही. शाफ्ट बसल्यावर त्याची सरक दोन्ही बाजूंना शिल्लक राहते का ते बघा. आणि सरकता शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याची दुभागी तोंडं) एका रेषेत. एक दात चुकला तरी गाडी घरघरते आणि माणूस उगाच ट्रान्सफर पुन्हा उतरवतो.

माउंटची तिन्ही रबरं नवी, यात काटकसर नाही. फाटलेल्या रबरावर केस वळतो आणि लो गिअर आपोआप सुटतो. लोक मग शिफ्टर फोर्क बदलतात.

आता चेसिस. जिप्सीची चेसिस बंद पेटीची, त्यामुळे आत शिरलेला चिखल तिथेच बसतो आणि लोखंड आतून खातो. मागच्या शॅकलच्या (पाटा-स्प्रिंगचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) आसपास आणि बॉडी माउंटखाली हातोडीने ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, धप्प वाजलं तर तिथे पत्रा राहिलेला नाही. मग सपाट ओट्यावर गाडी ठेवून चारही पाट्यांच्या बोल्टांतून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर गाडी कधीतरी उलटलेली किंवा ठोकलेली आहे. तिचे सुटे भाग घ्या, चेसिस नको. पट्टी मारायची तर आडवी कधीच नाही. तिची टोकं तिरकी कापा, टाके छोटे आणि मध्ये थंड होऊ देत मारा. एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी) गाडी असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा, सॉकेट काढलेला हवा.

कागदाची गोष्ट वेल्डिंगच्या आधी करायला हवी होती खरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून ज्या गाडीची आरसी जिवंत आहे तिचीच चेसिस, तिचंच इंजिन, तेच इंधन, तोच बॉडीचा प्रकार. बाकीच्या बदलांबद्दल आरटीओत आधी विचारा. संपवलेल्या गाडीची नोंदणी रद्द करून घ्या, त्याची वर्दी १४ दिवसांत द्यायची असते. सरकारी लिलावातली १५ वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणायच्या आशेने घेऊ नका: सरकारी मालकीच्या अशा गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही.

इंजिन घेताना आवाजावर जाऊ नका, कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास आलं तर उत्तम, १२ च्या खाली कोणताही सिलिंडर नको, आणि चौघांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा गेल्या, तसंच राहिलं तर वॉल्व्ह. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप न बघताच नवे टाका, कारण तिन्हीसाठी उघडायचं एकच. रेडिएटर आतून रॉडिंग (सळीने नळ्या साफ) करून घ्या. बाहेरून वावरातल्या गाडीला खरा त्रास कुसळांचा. वाळलेल्या गवतातून एकदा फिरली की जाळीत कुसळं अडकतात आणि मे महिन्यात काटा लालला टेकतो. रेडिएटरच्या पुढे मच्छरदाणीच्या जाळीची सुटी चौकट लावा, आठवड्याला काढून झटका.

पुढच्या हाऊसिंगचे दोन्ही नकल (चाक वळवणारे सांधे) मात्र स्वतः उघडा. तिथे काळपट पातळ घोळ निघाला तर आतला ऑइल सील गेलाय, हाऊसिंगचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन नेतंय. लालसर पेस्ट निघाली तर पाणी शिरलंय, आणि गोळ्या-पिंजऱ्याचा जॉइंट बहुधा खड्डे पडलेला असणार. नवा सील, नवा फेल्ट, मोलिब्डेनम ग्रीस दाबून. किंगपिनचे (नकल ज्यावर वळतो ती खुंटी) बेअरिंग बदलले की बाहेरचा सील न लावता, टाय रॉडच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढा. १ ते १.८ किलोवर नकल हलायला सुरुवात झाली पाहिजे. सैल असेल तर शिम (पातळ चकत्या) कमी, घट्ट असेल तर शिम जास्त. जिप्सीचं स्टिअरिंग पन्नाशीच्या आसपास थडथडतं ते बहुतेक इथूनच. डॅम्पर नवा टाकून ते दबतं, बरं होत नाही.

उंची वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की हाऊसिंग पुढे झुकतं, किंगपिनचा मागचा कल कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. दोन इंचांच्या वर जाऊ नका. काळ्या मातीत उंचीपेक्षा टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा कामाची. ही माती टायरला लपेटून मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबवते, गाडी कितीही उंच असो. तीन बोटं जागा सगळीकडून, स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि पाटा पूर्ण दाबून मोजलेली. टायर रुंद नकोत, खोल आणि विरळ गोट्यांचे हवेत. हवा डांबरावर २६, चिखलात १८ पौंड. पंप गाडीत असेल तरच कमी करा, १८ वर डांबरी रस्त्याने घरी येणं म्हणजे टायरच्या कडा खाणं.

नाल्यात उतरणार असाल तर दोन्ही हाऊसिंग आणि ट्रान्सफरच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करायचं भोक) रबरी नळी जोडून ती बोनेटखाली वर नेऊन बांधा. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असला तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. नळीचा खर्च किरकोळ. तो वाचवला तर क्राऊन-पिनियनचा येतो.

ऑइल: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर ०.८, पुढचं हाऊसिंग २, मागचं १.५. हाऊसिंगमध्ये जीएल-५, गिअरबॉक्समध्ये जीएल-४ (दोन्ही गिअर ऑइलचे दर्जे). उलट केलं तर गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा लवकर झिजतात. ओढायचे हुक १० मिलिमीटर पट्टीचे, चेसिसला चार बोल्टने, बंपरला नाही. ट्रॅक्टर झटका देतो तेव्हा बंपर एकटाच निघून जातो.

जुळवाजुळव झाली की पहिले शंभर किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, टू-व्हीलमध्ये. मग यू-बोल्ट, शाफ्टचे बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, पाटे बसल्यावर यू-बोल्ट हमखास सैल होतात. पहिल्या चिखलानंतर गाडी ओली असतानाच धुवा. ही माती मागच्या ड्रममध्ये आणि शाफ्टवर वाळली की विटेसारखी होते. ब्रेक एका बाजूला ओढतो, शाफ्टचा तोल जातो, आणि नकलच्या गोळ्यावर वाळलेला थर पहिल्याच वळणाला नवा सील फाडतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही हाऊसिंगचे खालचे बूच थोडे सैल करून दोन थेंब बाहेर येऊ द्या. ऑइल दुधाळ दिसलं तर ते सगळं बदला आणि त्या बाजूचा ब्रीदर तपासा.